जुन्या बर्लेस्क थिएटरच्या वास्तूचा इतिहास कसा शोधावा

अमेरिकेतील एखाद्या शहरातल्या जुन्या बर्लेस्क (विडंबन, विनोद आणि नाचगाणी यांचे, पुढे वस्त्रे उतरवण्याच्या नृत्याशी जोडले गेलेले रंजनप्रयोग) थिएटरचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण आधी थिएटरच्या नावाचा माग काढू लागतात आणि तिथेच वाट चुकते. कॅन्सस सिटीतील आजचे ‘फॉली’ १९०० मध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणून उघडले, मग ‘सेंच्युरी’ झाले, पुढे ‘शुबर्ट्स मिसूरी’ झाले आणि १९४१ मध्ये बर्लेस्कसाठी त्याची दारे पुन्हा उघडली तेव्हा त्याला ‘फॉली’ हे नाव मिळाले. उलट ‘गेटी’ हे एकच नाव वॉशिंग्टन, बाल्टिमोर, सिनसिनाटी अशा कितीतरी शहरांतल्या थिएटरांवर झळकत असे. म्हणून नाव सोडून जमीन धरावी. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, नोंदणी कार्यालयात विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन स्वतंत्र सूची असतात. आजच्या मालकापासून सुरुवात करून एकेक खरेदीखत मागे मागे पाहत गेले की मालकीची साखळी हाती येते. घरक्रमांकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण शिकागोसारख्या शहराने १९०९ मध्ये आपले क्रमांकच नव्याने लावले आणि त्याआधीचा पत्ता आज भलत्याच इमारतीकडे नेतो.

भूखंड नक्की झाला की सॅनबॉर्न कंपनीचे आग-विम्याचे नकाशे काढावेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांतले पुष्कळ विनामूल्य खुले केले आहेत. नकाशाचा एक इंच म्हणजे साधारणपणे जमिनीवरचे पन्नास फूट, त्यामुळे रंगमंच कुठे, प्रेक्षागृह कुठे आणि मागच्या गल्लीत उघडणारे दार कुठे, हे सारे दिसते. गुलाबी रंग विटांचा, पिवळा लाकडाचा, निळा दगडाचा. हे नकाशे विमा कंपन्यांसाठी असल्याने उजेड विजेचा की गॅसचा, ऊब वाफेची की शेगडीची, हेही अनेकदा लिहिलेले सापडते. एखाद्या जागी कागदाचा तुकडा वरून चिकटवलेला दिसला तर तो डाग समजून पुढे जाऊ नये, कारण इमारतीत बदल झाला की कंपनी दुरुस्तीची चिठ्ठी त्याच जागी डकवत असे. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या की भिंत कधी पाडली, सज्जा कधी वाढवला, याचा अंदाज येतो.

त्यानंतर बांधकाम परवान्यांकडे वळावे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर अनेक शहरांनी अग्निसुरक्षेचे नियम कडक केले. त्यामुळे १९०४ च्या सुमाराच्या परवान्यांत बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे, अग्निरोधक पडदा, जादा जिने यांचा उल्लेख आढळला तर त्याचे कारण बहुधा या आगीतच असते. आसनसंख्या आणि रंगमंचाची मापे हवी असतील तर १८९६ पासून निघू लागलेली ज्युलियस कान यांची नाट्यव्यवसाय-मार्गदर्शिका पाहावी. दौऱ्यावरच्या नाटकमंडळींना आपले पडदे तिथे मावतील की नाही हे कळावे, म्हणूनच ती मापे तिच्यात दिलेली असत.

वर्तमानपत्रे चाळताना ‘बर्लेस्क’ या शब्दाचा त्या त्या काळातला अर्थ ध्यानात ठेवावा. लिडिया थॉम्प्सन यांची मंडळी १८६८ मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कला आली तेव्हा हा शब्द पौराणिक कथांच्या संगीत विडंबनाचा होता आणि त्यात पुरुषपात्रे स्त्रियाच करीत. वस्त्रे उतरवण्याच्या नृत्याशी तो घट्ट जोडला गेला तो १९२०-३० च्या दशकांत. या दोन काळांच्या जाहिराती एकाच नजरेने वाचल्या तर सगळा इतिहास बिघडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘व्हील’ नावाच्या साखळ्या होत्या, त्यांत प्रत्येक मंडळी आठवड्यागणिक पुढच्या शहरात सरके. व्यावसायिक साप्ताहिकांतल्या त्यांच्या मार्गसूचीवरून कोणत्या आठवड्यात तुमच्या रंगमंचावर कोण होते, हे जुळवता येते.

थिएटरवाल्यांनी स्वतःची दप्तरे क्वचितच जपली. सरकारने मात्र त्यांच्यावर बारीक नजर ठेवली. म्हणून परवाना विभागाचे आणि पोलिसांचे कागद अवश्य मागावेत. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत, १९३७ मध्ये, बर्लेस्क थिएटरांचे परवाने नाकारले गेले. बॉस्टनचे ‘ओल्ड हॉवर्ड’ तर जगबुडीची वाट पाहणाऱ्या मिलरपंथीयांच्या प्रार्थनागृहाच्या जागी १८४६ मध्ये उभारलेली ग्रॅनाइटची वास्तू. पोलिसांनी तिथल्या प्रयोगाचे चित्रीकरण केले, त्यानंतर १९५३ मध्ये तिला टाळे लागले आणि १९६१ मध्ये ती जळाली.

लिहिताना एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. वारसा-नोंदींत आरंभीच्या थाटाला आणि अखेरच्या जीर्णोद्धाराला पाने मिळतात, तर मधल्या बर्लेस्कच्या वर्षांची बोळवण एका ओळीत होते. तसे करू नये. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरचे ‘न्यू व्हिक्टरी’ १९९५ पासून मुलांचे रंगमंदिर आहे, पण १९३१ पासून तिथे मिन्स्की या बर्लेस्क-निर्मात्या कुटुंबाचे प्रयोग चालत होते, आणि तिथे राबलेल्या नर्तिका, विदूषक, वादक आणि पडदे ओढणारे कामगार हे त्या वास्तूच्या इतिहासाचेच भाग आहेत.

कागद झाले की इमारतीत जावे, नकाशाची प्रत हातात घेऊन. रंगपटाच्या खोल्या आधी पाहाव्यात, कारण कलावंत अनेकदा तिथल्या भिंतींवर नाव आणि तारीख लिहून जात. बॅटरीचा उजेड भिंतीला समांतर धरला तर रंगाखाली दबलेली अक्षरेही कधीकधी वर येतात. त्यांची छायाचित्रे त्याच दिवशी, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत, कारण दुरुस्तीच्या कामात रंगारी सर्वात आधी याच खोल्यांना हात घालू शकतात.