व्हर्च्युअलबॉक्समधलं उबंटू बूट होत नाही? आधी एफएसटॅब बघा

व्हर्च्युअलबॉक्समधलं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) मशीन अडकलं की लगेच उबंटू लिनक्स नव्याने इन्स्टॉल करायला घेऊ नका. बूट कुठे थांबलं, यावरून बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं. आधी मशीन पॉवर ऑफ करून एक स्नॅपशॉट (मशीनच्या आत्ताच्या स्थितीची जपलेली नोंद) घ्या, म्हणजे दुरुस्ती फसली तरी जिथे होतात तिथे परत येता येईल.

'नो बूटेबल मीडियम' असं दिसलं, तर लिनक्स अजून सुरूच झालेलं नाही. सेटिंग्जमध्ये स्टोरेजला व्हीडीआय फाइल (मशीनची आभासी डिस्क) जोडलेली आहे का बघा. सिस्टममधला ईएफआयचा (बूट करण्याच्या नव्या पद्धतीचा) पर्याय इन्स्टॉल करताना होता तसाच हवा. तो मधेच बदलला की डिस्क धडधाकट असूनही बूट होत नाही.

स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' येऊन दीड मिनिटाची उलटी मोजणी चालली आणि मग इमर्जन्सी मोड आला, तर बहुतेक वेळा गडबड /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये असते. बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची, याची यादी तिच्यात असते. दुसरी डिस्क जोडली, तिची ओळ फाइलमध्ये लिहिली आणि पुढे ती डिस्क काढली किंवा पुन्हा फॉरमॅट केली, की हे होतं. फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) नवा मिळतो, फाइलमध्ये मात्र जुनाच राहतो. सिस्टमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या जुन्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं आणि मग थांबतं.

उबंटूत रूट (सर्वाधिकार असलेलं) खातं मुळातच लॉक असतं, त्यामुळे इमर्जन्सी मोडमध्ये शेल (कमांड टाइप करायची जागा) मिळेलच असं नाही. अशा वेळी ग्रबमधून (लिनक्सच्या आधी येणाऱ्या बूट मेन्यूमधून) शिरावं लागतं. मशीन रीसेट करून लगेच शिफ्ट दाबून धरा. ईएफआय असेल तर एस्केप दाबा, पण एकदाच. जास्त वेळा दाबलंत तर मेन्यूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. मेन्यूत उबंटूवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'आरओ'चं 'आरडब्ल्यू' करा, 'क्वाएट स्प्लॅश' काढा आणि शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा. कंट्रोल-एक्स दाबलं की थेट रूटचं शेल मिळतं. नॅनो या एडिटरने एफएसटॅब उघडा, संशयित ओळीच्या सुरुवातीला # लावा आणि सेव्ह करा. मग 'सिंक' चालवून मशीन मेन्यूतून रीसेट करा. इथे 'एक्झिट' टाइप करू नका, कर्नल पॅनिक होईल.

मशीन वर आलं की 'सुडो बीएलकेआयडी'ने खरा यूयूआयडी बघून ओळ दुरुस्त करा. पर्यायांच्या जागी 'डिफॉल्ट्स,नोफेल' लिहा. 'नोफेल' असेल तर डिस्क नसली तरी बूट अडत नाही. दुय्यम डिस्कच्या ओळीत हा शब्द असायलाच हवा. ओळीत /डेव्ह/एसडीबी अशी नावं टाळा, डिस्कचा क्रम बदलला की तीही बदलतात. मग 'सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' आणि 'सुडो माउंट -ए' चालवा. काहीच एरर आली नाही आणि डिस्क जागेवर दिसली, तरच रीबूट करा.

'इनिटरॅमएफएस' (मुख्य डिस्क जोडण्याआधीची छोटी तात्पुरती सिस्टम) असा प्रॉम्प्ट आला, तर वरच्या ओळी नीट वाचा. 'रन एफएससीके मॅन्युअली' (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड स्वतः चालवा) असं लिहिलेलं असेल, तर फाइलसिस्टम बिघडली आहे. तिथे ज्या पार्टिशनचं नाव दिलंय, त्यावरच 'एफएससीके -वाय' चालवा आणि मग 'एक्झिट' करा. इथे 'एक्झिट' योग्यच आहे, बूट पुढे सरकतं. मात्र एफएससीके चालवण्याआधी होस्टच्या (तुमच्या मूळ कॉम्प्युटरच्या) ड्राइव्हवर जागा शिल्लक आहे का बघा. व्हीडीआय गरजेनुसार वाढत जाते, होस्ट भरला की तिच्यावर लिहिताच येत नाही, आणि मग एफएससीकेची दुरुस्तीही अर्धवट राहते.