ऑर्कनीहून हडसन बेला गेलेल्या नौकाकारागिराचा माग कसा काढावा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरून फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या नोकरीत कॅनडाला गेलेल्या एखाद्या नौका बांधणाऱ्या कारागिराचे चरित्र लिहायचे असेल, तर नावाच्या आधी त्याचा पॅरिश (चर्चच्या कारभाराचा स्थानिक विभाग) निश्चित करावा. फ्लेट, लिंक्लेटर, इस्बिस्टर ही आडनावे त्या बेटांवर सर्रास आढळतात आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथाही (मराठी वाचकाला ती नवी नाही) तेथे रूढ होती; त्यामुळे एकाच नावाची अनेक माणसे एकाच काळात नोंदींत भेटतात. कंपनीच्या करारपत्रांत व नोकरांच्या याद्यांत मूळ पॅरिश बहुधा लिहिलेला असतो, आणि तोच या गुंत्यात खरा आधार ठरतो.

कंपनीचे दप्तर आज विनिपेगला, मॅनिटोबाच्या अभिलेखागारात आहे. तेथील चरित्रपत्रकांवर कोणत्या वर्षी कोणते काम आणि कंपनीचे कोणते व्यापारी ठाणे, हे क्रमाने दिलेले असते. कंपनीचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन पुढच्या मे महिन्यात संपत असे, हे ध्यानात ठेवले नाही तर तारखा चुकतात. हुद्दाही वर्षागणिक तपासावा, कारण मजूर म्हणून दाखल झालेला माणूस पुढे नौकाकारागीर म्हणून नोंदला गेलेला असू शकतो. त्यानंतर त्या ठाण्याची रोजनिशी वाचावी. ते वाचन कंटाळवाणे असते, पण लाकूड कापणे, फळ्या चिरणे, नव्या यॉर्क बोटी बांधणे आणि जुन्या दुरुस्त करणे, हा त्याच्या कामाचा खरा तपशील तेथेच सापडतो. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या आणि जड माल वाहणाऱ्या या बोटींचे नाते ऑर्कनीच्या पारंपरिक होड्यांशी जोडले जाते, त्यामुळे त्याने बेटावर कोणते काम शिकले असावे, याचाही विचार करावा.

तो मायदेशी परतला असल्यास जनगणना पाहावी. मात्र 1841 च्या जनगणनेत प्रौढांची वये साधारणतः पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, आणि जन्माचा पॅरिश 1851 पासूनच मिळतो. 1855 पासूनच्या मृत्यूनोंदींत आईवडिलांची नावे असल्याने ओळख पक्की करता येते. तो परतला नसेल, तर आजच्या विनिपेगच्या परिसरातील रेड रिव्हर वसाहतीतील चर्चची नोंदवही आणि कंपनीच्या दप्तरातील मृत्युपत्रे पाहावीत. त्याची पत्नी स्थानिक आदिवासी समाजातील असेल, तर तिचे नाव अनेकदा पतीच्या नोंदीऐवजी मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडते.