कम्युनिटी कॉलेजची रेसिडेन्सी: फॉर्मच्या वर्षभर आधीची तयारी

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) इथल्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटमागे, म्हणजे अभ्यासाच्या एका मापामागे, ४६ डॉलर पडतात. डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या टर्मच्या, कॉलेजात ३१. रेसिडेन्सी, म्हणजे राज्याचे रहिवासी ही मान्यता, नाकारली गेली, की हे पैसे द्यायचेच आणि वर नॉन-रेसिडेंट ट्यूशन म्हणून युनिटमागे आणखी शेकड्यांनी मोजायचे. बारा युनिटांचे ५५२ डॉलर बघता बघता काही हजारांवर जातात. एकदा भरलेत, म्हणून लिहितेय. यादी मुख्यतः एच-४ वर, म्हणजे एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराच्या किंवा मुलांच्या व्हिसावर, आलेल्यांसाठी आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही पात्र आहात. ‘व्हिसावर आहोत म्हणजे नॉन-रेसिडेंटच’ असं पॉटलकमध्ये कोणीतरी ठामपणे सांगतं, ते चूक. एच-१बी, एच-४, एल-१ (कंपनीतून बदलीवर आलेले), एल-२ (त्यांचं कुटुंब) यांना कॅलिफोर्नियात रेसिडेन्सी मिळू शकते. एफ-१ (विद्यार्थी), जे-१ (एक्स्चेंज), बी-२ (पर्यटक) यांना नाही. आधी एफ-१ वर असाल आणि मग एच-४ झाला असेल, तर वर्ष एच-४ मंजूर झाल्यापासून मोजा. आधीची वर्षं धरू नका.

आता तारीख. टर्मच्या पहिल्या वर्गाच्या आदला दिवस हा निर्णयाचा दिवस. त्याच्या मागे एक वर्ष आणि एक दिवस तुम्ही इथे राहत असायला हवं, आणि इथेच राहायचा इरादा दिसायला हवा. समजा वर्ग २४ ऑगस्ट २०२६ ला सुरू होतात. मग निर्णयाचा दिवस २३ ऑगस्ट, आणि तुमचा मुक्काम २२ ऑगस्ट २०२५ पासून किंवा त्याआधीपासून हवा. ‘साधारण वर्ष झालं’ असं चालत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले: वर्षापूर्वीची तारीख असलेला, तुमच्या नावाचा कागद. नवऱ्याच्या नावाचा नव्हे. घरात कागदांना तोटा नसतो. लीज, वीजबिल, इंटरनेट, गाडीचं रजिस्ट्रेशन, बँक, विमा, सगळं असतं, आणि सगळं त्याच्या नावावर. तो आधी आला, त्याचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) होता, कंपनीने घर बघून दिलं, म्हणून तसं झालेलं असतं. पण कॉलेजच्या प्रवेश कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या बाईंना तुम्ही कुठे होतात ते हवं असतं. लग्नाच्या दाखल्याने लग्न सिद्ध होतं, मुक्काम नाही.

म्हणून आल्या आल्या, पेट्या उघडायच्या आधी म्हटलं तरी चालेल, रेशनकार्डावर चढवतो तसं स्वतःचं नाव जिथे जिथे चढवता येईल तिथे चढवा. लीजवर नाव घालून घ्या आणि सहीची तारीख बघा. बँकखातं संयुक्त करा, बऱ्याच बँका पासपोर्टवर करून देतात. विजेच्या कंपनीला फोन करून बिलावर दुसरं नाव घाला. डीएमव्हीत, म्हणजे गाडीचं लायसन्स देणाऱ्या सरकारी कचेरीत, जा. लायसन्स एसएसएन नसलं तरी मिळतं. गाडी चालवायची नसेल तर नुसतं ओळखपत्र काढा, पण काढा, कारण त्यावर दिल्याची तारीख छापलेली असते आणि ती नंतर कोणाला बदलता येत नाही. ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणालात तर वर्षही पुढच्या महिन्यापासून मोजलं जाईल. नाव तुमचं, तारीख वर्षापूर्वीची. दोन्ही एकाच कागदावर.

डीएमव्हीतच एक सापळा आहे. तिथल्या अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. रेसिडेन्सीच्या पुराव्यांच्या यादीत ‘मतदार नोंदणी’ वाचून कोणी तिथे हो म्हणेल, तर थांबा! ती नागरिकांसाठी आहे. नागरिक नसताना नोंदणी केली तर इमिग्रेशनमध्ये फार मोठी अडचण होते, ट्यूशन विसरून जाल. आपण नागरिक नाही असं स्वच्छ लिहा आणि पुढे जा.

टॅक्स रिटर्न संयुक्त भरत असाल तर तुमचं नाव तिथेही येतं. एसएसएन नसेल तर आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा नंबर, काढावा लागतो, त्याला वेळ लागतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासहून आला असाल तर अर्जातले ‘राज्याबाहेर कर भरला का, मतदान नोंदवलं का, तिथल्या कॉलेजात रहिवासी म्हणवलं का’ हे प्रश्न नीट वाचून खरं उत्तर द्या.

मध्ये बाळंतपणाला किंवा भाच्याच्या मुंजीला पुण्याला जाऊन आलात म्हणून रेसिडेन्सी जात नाही. माणूस कामापुरता बाहेर गेला तरी विसाव्याला जिथे परततो ते त्याचं निवासस्थान, असं कायद्यातच आहे, आणि इतकी बरी भाषा मी सरकारी कागदात क्वचितच वाचली आहे. परतीचं तिकीट ठेवा, घर चालू होतं हे दाखवा. त्या काळातलंही बिल हवं. कोणाच्या नावाचं, ते आता सांगायला लागू नये.

मुलांचं थोडक्यात. अठरा वर्षांखालच्या अविवाहित मुलाची रेसिडेन्सी ज्या पालकाबरोबर तो राहतो त्याच्यावरून ठरते. एबी ५४० च्या, म्हणजे इथल्या हायस्कूलात शिकलेल्यांना नॉन-रेसिडेंट ट्यूशन माफ करणाऱ्या कायद्याच्या, मागे लागू नका. इथे हायस्कूलची तीन वर्षं झाली असली तरी त्या सवलतीतून एच-४ वगळलेला आहे. एकविसाव्या वर्षी एच-४ संपून मुलगा एफ-१ वर गेला तर रहिवाशाचा दरही जातो, तो हिशोब आधीच करा. तुमच्याकडे राहायला आलेल्या, आईवडील दुसऱ्या राज्यात असलेल्या भाच्यासाठी आर्थिक स्वातंत्र्याचे वेगळे नियम आहेत: पालकांनी करात अवलंबित दाखवलेलं नको, वर्षाला ७५० डॉलरहून जास्त मदत नको, सहा आठवड्यांहून जास्त त्यांच्या घरी मुक्काम नको.

फॉर्म भरताना पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आय-७९७ (व्हिसा-दर्जा मंजुरीचं पत्र) हाताशी. एच-४ ची मुदतवाढ अडकली असेल तर तिची पावती. जिल्ह्याची चिंता नको, राज्यात कुठेही राहिलात तरी दर तोच. एफएएफएसए, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, एच-४ ला नाही, तो वेळ वाचवा. ‘नॉन-रेसिडेंट’ आलं तर वर्ग सुरू व्हायच्या आत कागद घेऊन जा, नंतर मागच्या टर्मचे पैसे मिळतील या आशेवर बसू नका. नाकारलंच तर अपिलाची मुदत लेखी मागा, आणि तोवर नॉनक्रेडिट (पदवीत न धरले जाणारे) इंग्लिशचे वर्ग घ्या, त्यांना फी नसते. जाताना फोल्डर उघडून एकदा प्रत्येक कागदावरचं नाव वाचा.