शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ

चीनच्या सुंग राजवटीतल्या बारीक रेषेच्या फुला-पक्ष्यांच्या चित्रांची हुबेहूब नक्कल कच्च्या, म्हणजे खळ न दिलेल्या शुआन या चिनी कागदावर होत नाही, शाई फुटते. आधी सरस-तुरटीची खळ द्या. जुनं चिनी प्रमाण उन्हाळ्यात ७ भाग सरसाला ३ भाग तुरटी, हिवाळ्यात १० ला ३. तुरटी वेगळ्या थंड पाण्यात विरघळवा आणि सरस निवल्यावरच मिसळा, नाहीतर गुठळ्या होतात. मिश्रण पाण्याइतकं पातळ हवं. रुंद, मऊ ब्रशने एकच हात द्या, ओल्यावर पुन्हा फिरवू नका. दुसरा हात वाळल्यावर. कोपऱ्यावर थेंब टाकून बघा: पसरला तर खळ कमी. तुरटी जास्त झाली तर मात्र इलाज नाही. कागद ठिसूळ होतो, चकाकतो आणि फिकट शाईचे थर बसत नाहीत. तयार पक्का, म्हणजे आधीच खळ दिलेला कागदही जुना झाला की जागोजागी पाझरतो, त्यालाही थेंब लावूनच घ्या.