चौकातला पाऊस आधी ठरवा

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. सात बिऱ्हाडं, एक नळ आणि अंगणापलीकडे संडास. त्यामुळे बावधनच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं तेव्हा आर्किटेक्टला सांगितलं, ‘वाड्यातला चौक दे, ओसरी दे, बाकीचं वाडापण पेठेतच राहू दे.’

तुम्हालाही असं घर बांधायचं असेल तर झुंबरं-कंदील आणायला धावू नका. आधी विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले लाकडी खांब नीट बघा. मग केळकर संग्रहालयात जुनी दारं बघा. एवढं झालं की नकाशाला हात घाला, कारण चौक, खांब आणि दारं आरसीसीचं डिझाइन होण्याआधी ठरावी लागतात. नंतर जे होतं ते प्लायवूडचं नाटक.

चौकाचा पहिला प्रश्न एकच: पाऊस आत घ्यायचा की नाही? घ्यायचा असेल तर चौकाची फरशी ओसरीपेक्षा सहा इंच खाली ठेवा, उतार एका कोपऱ्याकडे काढा आणि पाणी जायला दोन तोंडं ठेवा, एक पानांनी तुंबतंच. ओसरीची पागोळी निदान तीन फूट बाहेर हवी. आपल्याकडे पश्चिमेची झड तिरकी येते, दीड फुटाच्या छपरानं काही होत नाही.

आम्ही घाबरलो. ठेकेदाराच्या सांगण्यावरून बारा बाय चौदाच्या चौकावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे गच्च बसवले. एप्रिलमध्ये माडीवरच्या खोल्यांची भट्टी झाली. चौकानं घरातली गरम हवा वर सोडायची असते, आम्ही तिच्यावर झाकण ठेवलं होतं! शेवटी ते छप्पर दोन फूट उचललं आणि चारी बाजूंनी जाळी लावली. जोराच्या पावसात थोडे तुषार येतात. पुसतो.

लाकडाचं सांगते. घराचं वजन आरसीसी पेलतं, हे लपवण्यात लाज नाही. पण ओसरीच्या कौलारू छपराखाली खरे सागाचे खांब द्या आणि त्यांना खरं वजन घेऊ द्या. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा हवाच. तो नुसता शोभेचा नाही, लाकडाचं बूड ओल्या जमिनीपासून वर राहतं. वाळवीचं औषध जोत्याच्या वेळीच मातीत मारून घ्या.

दिवाणखान्यात स्लॅबखाली कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्यांचं छत, केला. तिथे इलेक्ट्रिशियनशी माझं भांडण झालं. तो वायरी फळ्यांवरून मोकळ्या सोडत होता. शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हा वरचं लाकूडकाम गेलं आणि मागे दगडी जोती राहिली, हे आम्हा पेठेतल्या पोरांना रोज दिसायचं. मी सगळ्या वायरी धातूच्या पाइपातून घ्यायला लावल्या. जोडाचे डबे हात पोचेल तिथे ठेवले आणि त्यांच्यावरची फळी स्क्रूची केली, खिळ्यांची नाही. दोन वर्षांत ती फळी तीनदा उघडली.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे जुना साग शोधायला जाताना खिशात लोहचुंबक न्या. जुन्या तुळईत मोडके खिळे दडलेले असतात, करवतीचं पातं जातं. आमचा सुतार तुळईवर कान लावून टकटक करायचा आणि म्हणायचा, ‘काकू, ही पोकळ बोलतेय.’ ती घ्यायची नाही.

जुनं दार घेतलंत तर भिंतीतलं भोक दारावरून ठरवा. आमचं दार साडेपाच फुटी, मुलगा सहा फुटी. सुतारानं चौकटीचे खांब आठ इंच वाढवले, फळ्यांना खाली तेवढाच जोड दिला आणि जोडावर पितळी पट्टी मारली. आता पाहुणे पट्टीचंच कौतुक करतात. बाहेरून कडी-कोयंडा आहे, पण झोप लागते ती आतल्या आधुनिक कुलपामुळे.

शहाबादी फरशी ओसरीत आणि माजघरात घाला, स्वयंपाकघरात नको. तो चुनखडीचा दगड, लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की डाग खोल जातो. अ‍ॅसिडनं तर मुळीच धुवू नका. ओट्याला काळा ग्रॅनाइट, वर चिमणी, खाली मॉड्युलर खण. चुलीची हौस मी तरी केली नाही.

भिंतींना चुन्याचा गिलावा केलात तर वर प्लास्टिक पेंट लावू नका, ओल आत कोंडते. चुन्याचाच हात द्या. कोनाडे ठेवा. आमच्या एका कोनाड्यात समई आहे, शेजारच्यात वायफायचा राउटर.

उंबरा फक्त मुख्य दाराला. आतली सगळी दारं सपाट आहेत आणि चौकात उतरायला एका बाजूनं उतरण केली आहे, कारण सासूबाई वॉकर घेऊन चालतात. आर्किटेक्टला प्रत्येक दाराला दगडी उंबरा हवा होता. रांगोळीला एक पुरतो, असं सासूबाईंनीच त्याला सांगितलं.