जुना छप्परपलंग घरी आणताय? आधी या चुका टाळा

आमच्या मामाच्या कोकणातल्या घरात माडीवर शिसवीचा छप्परपलंग होता, चार कातीव खांब, वर आडव्या पट्ट्यांची चौकट आणि त्यावर पांढरी मच्छरदाणी. लहानपणी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्यात आडवी झोपायचो. गेल्या वर्षी मावसभावाने तो हौसेने ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणला, उभा केला आणि बघतो तर खांबांची टोकं पंख्याच्या पात्यांपासून जेमतेम वीतभर. मग बोलावलेल्या सुताराने चारही खांब खालून नऊ नऊ इंच कापले, आणि नेमका तिथेच तो सुंदर कातलेला कांद्यासारखा गोळा होता. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण कापायची गरजच नव्हती! नंतर खांबावर नीट हात फिरवला तेव्हा गादीच्या उंचीवर, नक्षीच्या कड्याखाली केसाएवढी फट दिसली. खांब दोन तुकड्यांत होता, वरचा भाग फिरवला की सुटून हातात येत होता.

म्हणून पहिलं काम, टेप घ्या आणि उंची मोजा, पण जमिनीपासून स्लॅबपर्यंत नाही तर पंख्याच्या पात्यापर्यंत. स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल आणि पंखा सव्वा फूट खाली लोंबत असेल तर पाती येतात सव्वाआठ फुटांवर, आणि जुने खांब सात-साडेसात फुटांचे सहज असतात. वर मच्छरदाणी ढिली बांधली तर ती वाऱ्याने फुगून पात्यात जायची भीती, घरात लहान मूल असेल तर पलंगावर उभं राहून ते हात वर करणारच. अशा वेळी खांबाचा वरचा भाग काढून ठेवा किंवा छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावा, पण करवत लावू नका.

दुसरी चूक फोटो बघून होते. इंटरनेटवर युरोपातले मखमली पडद्यांचे पलंग दिसतात आणि लोक तसेच जाड पडदे आपल्याकडे लावतात. अहो, ते पडदे तिकडे थंडीसाठी होते, शिवाय पूर्वी तिकडच्या मोठ्या घरांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा रस्ताच झोपायच्या खोलीतून असायचा, नोकर तिथेच झोपायचे, त्यामुळे पडदा ओढला की तेवढीच स्वतःची जागा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वेअर गावचा १५९० च्या सुमाराचा ओकचा पलंग आहे, तीन मीटरहून जास्त रुंद, सराईत उतरलेल्या लोकांनी त्यावर आपली आद्याक्षरं कोरून ठेवलीत. तिथे जाड पडदा शोभतो आणि उपयोगी पण पडतो. दमट हवेत तोच पडदा महिनाभरात कुबट वास मारायला लागतो आणि धूळ धरतो ती वेगळीच. आपल्याकडे कोकणात, गोव्यात या खांबांचं खरं काम मच्छरदाणी धरायचं. डासातून मलेरिया पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला १८९७ मध्ये सिकंदराबादला सापडला, पण डास चावू नये म्हणून जाळी लावणं लोक त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते.

इथेच अजून एक गोष्ट. जुन्या मच्छरदाणीचं छत बऱ्याचदा जाळीचं नसून कापडाचं असायचं, कारण वर कौलं, त्यातून माती, कचरा, कधी पाल पडायची. आता वर स्लॅब आणि पंखा आहे, तर कापडी छत ठेवलं की वारा आत येतच नाही आणि मग लोक म्हणतात की पलंगात गुदमरतं. पलंगाला दोष देऊ नका, छत जाळीचं शिवून घ्या.

पलंग करकरतो किंवा हलतो? खिळे ठोकू नका, गोंद ओतू नका! हे पलंग सोडवून परत जोडण्यासाठीच केलेले असतात आणि ही युक्ती फार फार जुनी आहे. १९२५ मध्ये इजिप्तमधल्या गिझाला तिथल्या प्राचीन खुफू राजाच्या आईची, हेटेफेरेसची कबर सापडली, त्यात पलंगावर उभारायची सोन्याने मढवलेली छताची चौकट होती, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, आणि ती पण सुटी करून नेता येईल अशीच. आपल्या पलंगात बाजूची गाती, म्हणजे चौकटीची आडवी लाकडं, खांबाला लांब बोल्टने आवळलेली असतात, लाकूड वर्षानुवर्षं आकसतं म्हणून बोल्ट ढिले पडतात, पान्ह्याने हळूहळू चारही कोपरे सारखे आवळा. सोडवताना सांध्यांवर पटाशीने मारलेल्या रेघा आहेत का बघा, एक रेघ, दोन रेघा, तो सुताराचा नंबर असतो. तो न बघता गाती अदलाबदल केली की काही केल्या बसत नाही. खुणा नसतील तर खडूने स्वतः करा आणि फोटो काढून ठेवा.

गादी आधी विकत घेऊ नका, जुनी मापं आजच्या गाद्यांशी जुळतीलच असं नाही. लाकडात बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद अंथरून दोन-चार दिवस थांबा, ताजी पिवळसर पूड पडली तर कीड जिवंत आहे, आधी उपचार आणि मगच बाकीच्या फर्निचरजवळ. आणि नवीन घेणाऱ्यांनो, खांब नसलेलं, वरून टांगायचं छत पीओपीच्या फॉल्स सीलिंगला लटकवू नका, हुक थेट स्लॅबमध्येच पाहिजे.

खांब आधीच कापले गेले असतील तर कापलेले तुकडे जपून ठेवा. मावसभावाने ते बाल्कनीत एका पिशवीत ठेवले होते म्हणून वाचलं सगळं. चांगला कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर, त्याच जातीच्या लाकडाची खुंटी आत घालून तुकडा परत बसवतो, करवतीने खाल्लेली जागा भरायला मध्ये पातळ चकती टाकतो. आमचे दोन खांब झालेत, दोन पुढच्या महिन्यात.