मानसोपचार वॉर्डाचं नूतनीकरण : या चुका टाळा

रंग, फरशी, नवे दिवे आणि झालं, अशा हिशेबाने मानसोपचार वॉर्डाचं काम काढलं की घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. इथे कडी-कोयंड्यापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळंच रुग्णाच्या जिवाशी जोडलेलं असतं.

सर्वांत महागात पडते ती उभ्याने केलेली पाहणी. माना वर करून फिरायचं, पंख्याचा हूक नि पडद्याचा दांडा काढायचा आणि धोका टळला म्हणायचं! गळफासाचा धोका फक्त उंचावर नसतो. जमिनीवर बसून, पलंगावर आडवं होऊन खोली पाहा. बिजागऱ्या, नळ, पलंगाची चौकट तेव्हाच नजरेत भरतात.

पैसा सगळीकडे सारखा वाटणं हीही चूकच. रुग्ण एकटा असतो ती जागा, म्हणजे झोपण्याची खोली आणि त्याहून जास्त बाथरूम, आधी हातात घ्या. नर्सिंग स्टेशनसमोरचा, सतत नजरेखालचा भाग थोडा थांबू शकतो.

‘लिगेचर-प्रूफ’, म्हणजे फास अडकवताच येणार नाही, या शब्दावर विसंबू नका. अशी कुठलीही वस्तू फास अडकणं अवघड करते, अशक्य नाही. शिवाय चांगली वस्तूही वाईट बसवली तर काय उपयोग? आधाराचा दांडा आणि भिंत यांच्यामधली फट बंद हवी. फटीत साधं मऊ सीलंट भरलं तर ते नखांनी उचकटलं जातं. कडक, न उकरता येणारं वापरा. स्क्रूही साध्या पेचकसाने न निघणारे हवेत.

दार आतून अडवलं जातंय? मग ते फक्त आत उघडणारं असणार. आणीबाणीत बाहेरच्या बाजूनेही उघडेल अशी चौकट बसवा. खोलीत आवाज घुमतोय म्हणून सहज निघणाऱ्या टाइल्सचं फॉल्स सीलिंग लावू नका. त्यामागे वस्तू लपवता येतात, पाइपांपर्यंत हात पोचतो. छत एकसंध ठेवा आणि आवाज शोषणारे पॅनेल पक्के जडवा.

आता उलटी चूक. सुरक्षेच्या नावाखाली वॉर्डाचा तुरुंग होतो. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. ते पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण होते हे खरं, पण खिडकीला गज ठोकण्यापूर्वी हे आठवावं. लॅमिनेटेड काच (फुटली तरी तुकडे न विखुरणारी) किंवा पॉलिकार्बोनेट (सहज न फुटणारं पारदर्शक प्लास्टिक) वापरलं तर उजेडही राहतो आणि सुरक्षाही.

चालू वॉर्डात काम करताना ठेकेदाराची हत्यारं रोज सकाळ-संध्याकाळ मोजून घ्या. फरशीवर राहिलेला एक स्क्रूसुद्धा चालत नाही. जुनी इमारत असेल तर तोडफोडीआधी ॲस्बेस्टॉसची (जुन्या बांधकामात वापरलेलं, धुळीतून फुप्फुसांना घातक ठरणारं तंतुमय खनिज) तपासणी करून घ्या. ड्रिलच्या आवाजाची वेळ रुग्णांना आधी सांगा; भिंतीतून अचानक येणारा आवाज आधीच घाबरलेल्या माणसाला फार वेगळा ऐकू येतो.

सगळ्या खोल्या एकदम करू नका. एक नमुना-खोली उभारा, ती रात्रपाळीच्या नर्सना आणि बरे होऊन गेलेल्या रुग्णांना दाखवा. नकाशावर न दिसलेल्या दहा गोष्टी ते पाच मिनिटांत दाखवतील.

आणि काम झाल्यावर? सहा महिन्यांनी हँडल तुटतं, देखभालीचा माणूस बाजारातून साधं आणून बसवतो. सगळ्या खर्चावर पाणी. प्रत्येक खास वस्तूचे दोन-चार नग स्टोअरमध्ये ठेवा आणि तिथल्या कपाटाच्या दारावरच त्यांची यादी चिकटवा.